गेनबाला हाक

वाघोलीच्या सोजरबाईंनी उभ्या संसारात नवऱ्याचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. एरवी ‘अवं’, नाहीतर ‘जयसिंगचं बापू’. नाव असं जपलेलं, जसं मोगऱ्याचं फूल ओल्या फडक्यात.

आणि एक दिवस मंडईत, मेथीच्या ढिगाआडून, भर गर्दीत त्यांनी हाक मारली, “गेनबा! ए गेनबा!”

गाळेवाले हसले. गेनबा टेम्पोमागे जाऊन उभे राहिले.

मग हे रोजचंच झालं. घरच्यांना वाटलं, बाहेरचं काही लागलंय. ही बाई असं बोलायची नाही, हिच्या तोंडून दुसरंच कुणी बोलतंय. अंगारा झाला, लिंबू उतरून झालं. शेवटी सून मैना दोघांना सदाशिव पेठेत डॉक्टर नसीम अत्तारांकडे घेऊन आली.

नसीमबाईंचं संशोधन याच आजारावर, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियावर. यात कपाळामागचा मेंदू झिजतो. वाट आठवते, माणसं ओळखू येतात, पण मनातलं ओठांवर यायच्या आधी अडवणारं कुणी उरत नाही. त्यांनी सोजरबाईंच्या मेंदूच्या स्कॅनची फिल्म उजेडावर धरली. पुढचा भाग सुकल्या अंजिरासारखा आकसलेला.

“बघा बापू, हे झिजलंय. देवाचं नाही, भुताचं नाही.”

गेनबांनी फिल्म पाहिली, नजर वळवली. “बाई, एकच सांगा. तिच्या मनात माझ्यावर राग हुता का? इतकी वर्सं दाबलेला? त्योच आता भाईर पडतुया का?”

“औषधानं हाक थांबंल का, ते इचारा,” मैना मधेच म्हणाली. “परवा पोरीचा साखरपुडा हाय. न्हायतर आत्याबाईंना घरात कोंडावं लागंल.”

“हाक थांबवणारं औषध माझ्याकडे नाही,” नसीमबाई म्हणाल्या.

पण गेनबांच्या प्रश्नापाशी त्या अडकल्या. तपासणीच्या परदेशातून आलेल्या प्रश्नावलीत सगळं विचारलेलं होतं: रुग्ण उद्धट बोलतो का, हावरटासारखं खातो का. नवऱ्याचं नाव घेते का, हे कुणाला सुचलंच नव्हतं. ते नाव अडवून धरणारी जागाही या कपाळातच असेल?

“सोजरबाई, उखाणा घ्या बरं.”

सोजरबाईंनी मैनानं आणलेल्या पुड्यातला पेढा तोंडात टाकला. तिसरा.

मैनानं सुरुवात करून दिली, “कोथिंबिरीच्या जुडीवर पानी शिंपडावं…”

“कशाला?” सोजरबाई म्हणाल्या. “गेनबा म्हन की.”

नसीमबाईंना हसू आलं आणि अंगावर काटाही. उखाणा गळून गेला होता, नाव तेवढं राहिलं होतं.

“हाक मारल्यावर पुढं काय म्हणतात त्या?”

गेनबा हळूच म्हणाले, “ठावं न्हाय. म्या थांबतोच कुठं?”

“मग आज थांबा. जिन्यापाशी जाऊन उभे राहा.”

गेनबा बाहेर गेले. सोजरबाईंनी रिकामी खुर्ची पाहिली, दार पाहिलं. “गेनबा! ए गेनबा!”

बाहेर बाकावरच्या माना वळल्या. गेनबा भिंतीला टेकलेले, टोपी हातात. नावं पुकारणारे श्रीनिवास चष्म्यावरून म्हणाले, “आजोबा, हाक आपल्यालाच आहे ना? मग ओ द्या. का तीही आम्हीच द्यायची?”

“गेनबा!”

“…ओ.” आधी पुटपुटत. मग मोठ्यानं, “ओ! काय गं?”

“काय न्हाय,” सोजरबाई म्हणाल्या आणि पेढ्याचा कागद चाटू लागल्या.

गेनबा आत आले. “मंग?”

“खोटं नाही सांगणार, बापू. या आजारात माया आटते. पुढं आणखी आटेल. ही हाक मायेची आहे, असं मी म्हणणार नाही. पण राग ‘ओ’नं निवत नसतो. त्यांना तुम्ही कुठं आहात तेवढं हवं होतं. इतकी वर्षं तेच ‘अवं’मध्ये गुंडाळून विचारत होत्या.”

गेनबांनी टोपी घातली. सोजरबाईंच्या हनुवटीवरचा पेढ्याचा चुरा बोटानं पुसला. लोकांसमोर असं त्यांनीही कधी केलं नव्हतं. त्यांनी बोट झटकन मागं घेतलं.

“मैना, कोंडायचं न्हाय तिला.”

“आन् पाव्हन्यांमदी हाक मारली तर?”

“तिच्या जवळच बसंन. लांब गेलो तरच हाक मारंल न्हवं?”

“आन् तरी मारली तर, मामंजी?”

गेनबांनी टोपी सारखी केली.

“मारली तर मारली. नाव माजंच हाय.”