पाती थांबली तेव्हा

"बाबा, नीट सांगा. एक आहे की दोन?" तिनं फोन कानाशी घट्ट दाबला.

"दोन! देवमाशाची मादी आणि पिल्लू. तुझ्या त्या चक्क्यांकडेच निघालीत. आता बघच काय होतं ते!"

समुद्राच्या प्रवाहावर वीज तयार करणारी प्रचंड पाती पाण्याखाली फिरत होती आणि किनाऱ्यावरच्या केंद्रात पडद्यांसमोर बसून त्यांच्यावर लक्ष ठेवणं हे तिचं काम. नोकरी लागली तेव्हापासून मच्छीमार बापानं अबोला धरला होता. समुद्रात सुऱ्या लावणाऱ्यांचं मीठ खातेस, एवढंच एकदा म्हणाला होता. आज मात्र होडीतून त्यानंच फोन लावला होता.

"साहेब, सगळी पाती थांबवू?"

साहेब खुर्चीतून अर्धवट उठले. "सगळी? अगं, गाव अंधारात जाईल."

"जाऊ दे. पिल्लू आहे."

त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं. "थांबव. शिव्या मी खातो."

तिनं कळ दाबली. पण एवढं अवजड धूड, लगेच कुठलं थांबायला!

"पोरी, पिल्लू आईला सोडून पुढं आलंय. थांबव गं!" बापाचा आवाज फाटला.

"थांबतायत, बाबा. धीर धरा." लहानपणी हे वाक्य नेहमी तो तिला ऐकवायचा.

पडद्यावरच्या हिरव्या गढूळ पाण्यात एक काळंभोर डोकं शिरलं. शेवटचं पातं आळसावल्यासारखं अर्धं वळलं आणि थांबलं. पिल्लानं त्याला नाक लावलं. मग खुंटाला वासरू अंग घासतं तशी मजेत पाठ घासली. तेवढ्यात आई खालून आली आणि त्याला ढोसत पुढं घेऊन गेली.

"गेली! पार गेली दोघं!" फोनमध्ये बाप लहान मुलासारखा ओरडत होता. ती हसत होती, रडतही होती. मागे साहेब एकेक फोन उचलून दणक्यात सांगत होते, "हो, हो, आम्हीच घालवली वीज!"

संध्याकाळी ती धक्क्यावर गेली. बापाभोवती माणसं जमली होती.

"...मग आम्ही पाती थांबवली," तो सांगत होता. 'आम्ही'वर चांगलाच जोर होता.

तिला पाहताच तो बाकावर सरकला, शेजारची जागा पंच्यानं पुसली, आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.