पालथा पडलेला डबा

या, बसा मित्रांनो. त्या ग्रीसच्या पिंपावर नको, चड्डीची वाट लागेल. इकडे बसा, एक गोष्ट सांगतो. माझीच आहे, म्हणजे खोटं बोलायची सोय नाही.

मी एक जुना स्टेरिंगचा डबा आहे. डबा म्हटल्यावर खाऊ आठवला ना? माझ्या पोटात खाऊ नाही, दातेरी चाकं आणि तेल आहे. ड्रायव्हर वर स्टेरिंग फिरवतो, मी तो जोर खाली गाडीच्या चाकांना पोचवतो. बस, एवढंच माझं काम.

लोखंड ओतून मला घडवलं आणि एका दुधाच्या गाडीत बसवलं. बावीस वर्षं राबलो. ड्रायव्हर म्हणायचा, "लोण्यासारखं फिरतंय!" मला छाती असती तर फुगली असती. मग गाडी मोडीत निघाली आणि भंगारवाल्याने मला दाराला टेकण लावलं. गाड्या वळवणारा मी, सहा वर्षं नुसतं दार अडवून बसलो. गंज चढला. कुणी ढुंकून बघेना.

एक दिवस एक वेल्डर आला आणि मलाच ठेचकाळला. आधी दोन शिव्या हासडल्या, मग खाली बसून माझा दांडा फिरवला. मी कुरकुरलो, पण फिरलो.

"अरे, हा जिवंत आहे की!"

त्याला बहिणीसाठी बॅटरीवरची छोटी गाडी बनवायची होती. ताई नर्स. घरोघरी जाऊन तान्ही बाळं तपासायची. पण जिन्यावरून पडल्यापासून पाय ओढत चालायची, डाव्या हातात जोर नव्हता. आठ महिने घरात बसून होती.

"सोमवारी तपासणीची बॅग नव्या नर्सला देऊन टाकते," ती म्हणाली.

"रविवारपर्यंत थांब गं," भाऊ म्हणाला.

मग मला रॉकेलची आंघोळ, नवं तेल, ते गळू नये म्हणून नवं सील. माझ्या हाताला, म्हणजे चाकं ओढणाऱ्या पट्टीला, त्याने जुन्या भोकाच्या दोन बोटं अलीकडे नवं भोक पाडलं. त्यामुळे स्टेरिंग जास्त फिरवावं लागतं, पण एका हाताने हलकं जातं. वेल्डर असूनही तिथे टाका नाही मारला. म्हणाला, "स्टेरिंगचा जोड नटावर आणि पिनेवर. टाका तुटला तर ताई जाईल." स्टेरिंगवर धरायला एक गोल मूठही लावली.

आता माझी गंमत अशी, की मला उताणं बसवलं तर चाकं एका बाजूला वळतात, पालथं घातलं तर दुसऱ्या. चूक नको म्हणून त्याने पुढच्या टायरांवर खडूने लिहिलं, 'डावं', 'उजवं'. त्याप्रमाणे मला पालथं घातलं आणि चार बोल्ट आवळले.

रविवारी सकाळी ताई खांद्याला बॅग अडकवूनच बसली. फाटक डावीकडे. तिने मूठ डावीकडे फिरवली. गाडी गेली उजवीकडे, थेट पाण्याच्या पिंपावर! ती आणि शेजारी उभा भाऊ, दोघं चिंब.

भाऊ म्हणाला, "ताई, उलटं फिरवायची सवय कर. जमेल."

बॅग काढून तिने पायरीवर ठेवली. मित्रांनो, त्या बॅगेचा आवाज मला अजून आठवतो. वाटलं, झालं, पुन्हा दाराचं टेकण.

उतरताना तिची नजर उजव्या टायरवर गेली. त्यावर लिहिलं होतं, 'डावं'.

"काय रे शहाण्या, हे कुठे उभं राहून लिहिलंस?"

"पुढे. गाडीसमोर."

"म्हणजे तुझं डावं लिहिलंस! गाडी मी चालवणार ना? माझ्या जागी बसून लिही की!" मग वाकून तिने मला पाहिलं आणि खो खो हसली. "पोरगं पालथं पडलंय तुझं! उताणं कर त्याला, श्वास घेऊ दे."

चार बोल्ट सुटले, मी उताणा झालो. ताईने बॅग परत खांद्याला लावली. मूठ डावीकडे, गाडी डावीकडे, फाटकातून बाहेर. भाऊ ओल्या सदऱ्याने मागे धावत होता, "हळू गं, हळू!" ती कसली ऐकते!

आता रोज पाच-सहा घरं होतात. दर रविवारी भाऊ माझे नट तपासतो, तेल बघतो. खडूचं 'डावं' आता बरोबर टायरवर आहे.

तेव्हा मित्रांनो, एकच मागणं. कुणासाठी काही बनवाल, तर आधी त्याच्या जागी जाऊन बसा. आणि कुठे माझ्यासारखा गंजका तुकडा दाराला टेकलेला दिसला, तर फेकण्याआधी एकदा हाताने फिरवून बघाल ना?