अडखळता टोन

ऑपरेटरबाईंना सुनेचा हेवा वाटायचा. तिच्या रूपाचा नाही, पगाराचा नाही, धडधाकट गुडघ्यांचाही नाही. हेवा होता तो तिला येणाऱ्या मेलचा. मुलगा जहाजावर इंजिनियर. लग्नाआधी कुठल्याही बंदराला लागला की आधी आईला फोन करायचा, आणि खरखरत्या लाईनवरून का होईना, "आई, जेवलीस का?" एवढं विचारायचा. आता तो ई-मेल लिहायचा, तेही बायकोला. शेवटी एक ओळ असायची, 'आईला नमस्कार सांग.' सून ती ओळ इमानेइतबारे वाचून दाखवायची.

"हो का?" बाई म्हणायच्या. "हात दुखले असतील बिचाऱ्याचे, एवढं लिहून."

त्यात घरात फोन एकच. संध्याकाळी सून इंटरनेट लावून बसली की मोडेम आधी शिट्ट्या मारायचा, मग भांडं खरवडल्यासारखा आवाज काढायचा आणि लाईन तिच्या ताब्यात जायची. बाईंची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती, परक्यांना एकमेकांशी जोडून देण्यात. निवृत्त झाल्यावरही गल्लीत त्यांना ऑपरेटरबाईच म्हणत. आणि त्यांच्याच घरात त्यांना लाईन मिळत नव्हती! मुलगा नेला तो नेला, वर टेलिफोनही नेला, असं त्या मनातल्या मनात म्हणायच्या. कधीकधी जरा मोठ्यानेही म्हणायच्या.

सुनेच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून तिने ते स्वतःच चढवलं होतं. "यात सगळं उघडून बघता येतं, आई. बिघडलं तर आपलं आपण दुरुस्त करायचं."

"आणि नाही बिघडलं तर?"

"मग आधी बिघडवायचं," सून म्हणाली होती. बाईंना हसू आलं होतं, पण त्यांनी ते गिळून टाकलं.

शनिवारी संध्याकाळी खरोखरच बिघडलं. मोडेम नंबरच फिरवेना. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटायची, नो डायलटोन. सुनेने वायर बदलली, भिंतीतलं सॉकेट उघडून पुसलं, सेटिंगच्या फायली एकेक करून तपासल्या. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "लिनक्स? मग मॅडम, तुमचं तुम्हीच बघा."

"टोन तर येतोय!" रिसीव्हर कानाला लावून सून वैतागली. "मग मोडेमला का नाही ऐकू येत? आई, तुमचे कान तयार आहेत. जरा ऐकता का?"

बाईंनी एक्स्चेंजच्या सवयीने रिसीव्हर आधी कानाला लावला, बोटाने फोनचा खटका दाबला आणि सोडला. टु-टु-टु-टु, असा टोन आधी अडखळला आणि मग सरळ झाला. त्यांना तिथल्या तिथे कळलं. लाईन बिझी असली की एक्स्चेंज फोन करणाऱ्याचा निरोप टिपून ठेवतं, आणि तो कुणी ऐकेपर्यंत टोन सुरुवातीला असा अडखळतो. काल संध्याकाळी सून इंटरनेटवर होती, तेव्हाच कुणीतरी फोन केला असणार. सून रिसीव्हर उचलून कानापर्यंत नेईतो टोन सरळ झालेला असायचा. मोडेम मात्र पहिल्या क्षणापासून ऐकायचा, अडखळणं ऐकून लाईन मेली असं समजायचा आणि हात वर करायचा.

एक वाक्य बोलायचं होतं, 'अगं, निरोप आहे, ऐकून टाक.'

"टोन अगदी खणखणीत आहे," बाई म्हणाल्या. "तुझ्या डब्यातच काहीतरी गेलं असेल."

रविवारी सून मैत्रिणीचा मोडेम मागून आणायला गेली आणि बाई फोनपाशी एकट्या उरल्या. निरोप त्याचाच असेल का? दुसरं कोण करणार? दोन बटणं दाबली की त्याचा आवाज येणार होता. बोट बटणापर्यंत गेलंही. पण निरोप ऐकला की टोन सरळ होणार, मोडेम चालू होणार आणि पुन्हा नेहमीचा तो नमस्कार. शिवाय निरोप असणार तिच्यासाठीच. आपण कशाला ऐकायचा? मेलला उत्तर मिळालं नाही की झक मारत फोन करेल, आणि तेव्हा फोन उचलणार मी. बाईंनी हात मागे घेतला. दिवसभर त्या तिथून हलल्या नाहीत. फोन काही वाजला नाही.

आणलेल्या मोडेमनेही तेच रडगाणं लावलं. बाई बऱ्यापैकी खुशीत होत्या. सोमवारी कामावरून आल्यावर सून कॉम्प्युटरमध्येच ठेवलेली मदतीची पानं चाळत बसली आणि एकदम "अच्छा!" म्हणाली. टोनची वाट न बघता थेट नंबर फिरव, असं मोडेमला सांगण्याची सोय होती. तिने एक अक्षर आणि एक आकडा टाईप केला. मोडेम शिट्ट्या मारू लागला.

मेल एकच होती. सून मोठ्याने वाचू लागली, "'आईचा फोन आला नाही. शुक्रवारी तिच्यासाठी निरोप ठेवला होता. रविवारी रात्रीपर्यंत फोनपाशी बसून होतो. ती रागावलीय का? आता जहाज सुटतंय, पुढचं बंदर फार लांब आहे.'" ती थांबली. "कसला निरोप?"

सुनेने इंटरनेट बंद केलं, रिसीव्हर कानाला लावून ठेवला आणि खटका दाबून सोडला, परवा बाईंनी केलं होतं तसंच. मग तिने सासूकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दोन बटणं दाबून तिने रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

"तुमचा आहे. तुम्हीच ऐका."

"आई, मी बोलतोय. लाईन बिझी आहे, ती बसली असेल इंटरनेटवर. आई, मेलमध्ये तुला काय लिहावं तेच कळत नाही गं. मग नमस्कार लिहून मोकळा होतो. रविवारी दिवसभर मी इथे खलाशांच्या वसतिगृहात आहे. माझं कार्ड संपत आलंय, तूच फोन लाव. नंबर सांगतो, लिहून घे. आणि हे बघ, लगेच तिला देऊ नकोस फोन. आधी आपण दोघंच बोलू."

पुढे नंबर होता. बाईंनी तो शेवटच्या आकड्यापर्यंत ऐकला.

"काय म्हणाला?" सुनेने विचारलं.

"फोन कर म्हणाला," ऑपरेटरबाई म्हणाल्या.