तीन न भरलेले रिटर्न आणि मी

मित्रांनो, मी एक जुना बिल्ला आहे. गळ्यात पट्ट्याला लटकवतात ना, तोच. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर पाणबुड्या बांधायची एक गोदी आहे, तिथे माझा जन्म झाला. यंत्राच्या फटीतून गरमागरम बाहेर पडलो, तेव्हा माझ्यावर लिंडेल प्रूइटचा फोटो होता. त्या फोटोत त्याच्या डोक्यावर केस आहेत, यावरून माझं वय ओळखा!

पाण्याखाली शत्रूची चाहूल घेणारी यंत्रं असतात, त्यांच्या तारा लिंडेल जोडायचा. त्या खोलीत वाटेल त्याला शिरता येत नाही. सरकारने गुप्त कामाची परवानगी दिली असेल, तरच माझ्यासारखा बिल्ला दार उघडतो. मला दारापुढे धरलं की हिरवा दिवा लागायचा. काय रुबाब वाटायचा म्हणून सांगू! फाटकाबाहेर पडलं की बिल्ला शर्टाच्या आत घालायचा, असा गोदीचा नियम. लिंडेलने तो एकोणीस वर्षांत एकदाही मोडला नाही. त्यामुळे घरी जाईपर्यंत मी त्याच्या छातीशीच असायचो आणि घरातलं बोलणं मला सगळं ऐकू यायचं.

घरचे सगळे कागद त्याची बायको मर्ना बघायची. मग तिची मूत्रपिंडं बिघडली आणि इस्पितळाचं बिल झालं एकेचाळीस हजार डॉलर. लिंडेलची झोपच उडाली. कर्जात बुडालेल्या माणसाला कुणीही पैसे चारून फोडेल, अशी सरकारला धास्ती असते, आणि दर काही वर्षांनी ते पुन्हा तपासणी करतं. परवानगी गेली तर नोकरी जाणार, नोकरी गेली तर मर्नाच्या औषधांचा विमा जाणार. म्हणून त्याने इस्पितळाशी बोलून हप्ते बांधून घेतले. शनिवारीही कामावर गेला, पण एक हप्ता चुकवला नाही. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

तपासणीचा फॉर्म आला. मर्ना एकेक प्रश्न वाचत होती. अचानक थांबली.

"अरे, तीन वर्षं तू रिटर्नच भरले नाहीस?"

"अगं, कर पगारातून कापून जातोच ना? उलट सरकारच माझं देणं लागतं. तू आजारी, मी कुठे कागद धुंडाळत बसू? म्हटलं, ठेवा लेको तुमच्याकडेच!"

आणि त्याने हसत हसत, खरंखरं 'भरले नाहीत' असं लिहून टाकलं. सरकारकडूनच पैसे येणं असेल तर रिटर्न भरायची गरज नाही, असाच गोदीतल्या अर्ध्या कामगारांचा समज होता. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, कशाला खोटं बोलू?

एका सकाळी लिंडेलने मला दारापुढे धरलं. लाल दिवा! त्याने मला शर्टाला पुसून पुन्हा धरलं. पुन्हा लाल! माझ्या तर पायाखालची जमीनच सरकली, आणि मला तर पायही नाहीत. मागे रांग लागली होती.

सुरक्षा कचेरीतल्या ओडेसाबाईंनी त्याला आत बोलावलं. त्या त्याला पहिल्या दिवसापासून ओळखत होत्या.

"इस्पितळाचं कर्ज ना बाई? पावत्या आणतो सगळ्या," लिंडेल घाईने म्हणाला.

"कर्जाबद्दल तक्रार नाही रे. हप्ते बघून तपासणीवाल्यांनी चांगलंच लिहिलंय. तुझे तीन रिटर्न नडले, म्हणून परवानगी थांबवलीय."

"पण मी सरकारचा एक डॉलर बुडवला नाही! त्यांच्याकडेच माझे पैसे आहेत!"

"असतील. पण जो घरी साधा नियम पाळत नाही, तो त्या खोलीतले नियम पाळेल कशावरून, असं विचारतायत ते."

 अरे देवा! ज्या कर्जाला घाबरला त्याने काही केलं नाही, आणि ज्याला तो आपलं औदार्य समजत होता, त्याने घात केला! मर्नाने उशीला टेकून आठवड्यात तिन्ही रिटर्न भरून दिले. वर्षभर वाट बघितली. काल निकाल आला. परवानगी नाही. विचारल्यावर भरले, आपणहून नाही, असं कारण लिहिलंय.

मित्रांनो, पैसे देणं असो वा घेणं, वेळच्या वेळी कागद भरून सही करा. पैसे नसले तरी कागद भरा, उरलेल्याचे हप्ते बांधून मिळतात. परवानगी गेली की बिल्ला कापून टाकायचा, असा नियम; म्हणून आता मी ओडेसाबाईंच्या टेबलावर आहे आणि त्यांच्या हातात कात्री आहे.

"बाई, हा आठवण म्हणून घरी नेऊ?" लिंडेलने विचारलं.

"नियमात बसत नाही रे," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पण तू एकोणीस वर्षं... जा, घेऊन जा. मी काही बघितलं नाही."

लिंडेलने मला उचललं. मला वाटलं, सुटलो! पण त्याने मला पुन्हा त्यांच्यापुढे ठेवलं.

"नको बाई. नियम आहे ना? मग कापा."