अधिक महिन्याचा धडा

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि स्वभावाने पक्का घाबरट आहे. माझ्या पोटातला रबरी पट्टा सैल झाला आहे. कॅसेट आत सरकवली की माझा जीव टांगणीला लागतो, कारण टेप एकदा चाकात अडकली की तिचा चोळामोळा होतो. आणि माझ्याकडे कॅसेट एकच आहे.

तिच्यात या घरातल्या आजोबांचा आवाज आहे. कोकणात पेणला ज्यू लोकांचे प्रार्थनामंदिर, म्हणजे सिनेगॉग आहे. तिथे आजोबा प्रार्थना चालवत. तीस वर्षांपूर्वी त्यांनी मला पनवेलहून आणले, ते त्यांच्या मुलासाठी, हिलेलसाठी. ज्यू मुलगा तेरा वर्षांचा झाला की एका शनिवारी सगळ्यांसमोर धर्मग्रंथातल्या संदेष्ट्याचे, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्याचे, वचन वाचतो, तेही हिब्रू भाषेत आणि ठरलेल्या सुरात. तेव्हापासून तो जाणता. प्रार्थनेला जे दहा पुरुष लागतात, त्यांत त्याला धरतात. आजोबांनी ते वाचन माझ्यात भरले, हिलेलने ऐकून ऐकून पाठ केले आणि एकही अक्षर न चुकता म्हटले. त्या दिवशी पाहुण्यांनी माझेसुद्धा कौतुक केले. पुढे आजोबा गेले आणि मी माळ्यावर गेलो.

हिलेल जनावरांचे डॉक्टर झाले आणि नोकरीमुळे बीडजवळच्या नेकनूरला आले. गेल्या दिवाळीत त्यांनी मला खाली काढले. त्यांच्या मुलाला, एफ्राईमला, तेरा वर्षे पूर्ण होणार होती. दर शनिवारचे वाचन ठरलेले असते. बापलेकांचा जन्म वर्षातल्या एकाच आठवड्यातला, तेव्हा वाचनही तेच, असे डॉक्टर धरून चालले. नातवाला आजोबाच शिकवणार म्हणून त्यांचे डोळे भरून आले.

एफ्राईम रोज ओसरीवर मला घेऊन बसे. शेजारच्या कडूबाई शेंगा फोडत ऐकत.

"तुमच्यातली मुंजच म्हना की," त्या म्हणत. "आज मदीच आवाज खाली गेलता बघ, पोरा."

त्यांना हिब्रूचे ओ की ठो कळत नव्हते, पण सूर मात्र त्यांना पाठ झाला होता.

आठ दिवस उरले आणि पेणहून शालोमकाकांचा फोन आला. आजोबांच्या मागे प्रार्थना तेच चालवतात.

"एफ्राईम काय वाचणार आहे?"

"बाबांनी मला शिकवलेलंच. यिर्मया संदेष्टा तुरुंगातून शेत विकत घेतो, ते."

काकांनी आधी पंचांग चाळले. मग म्हणाले, "हिलेल, तुझं वर्ष अधिक महिन्याचं होतं रे. यंदा अधिक नाही."

मित्रांनो, ज्यूंच्या पंचांगातही अधिक महिना असतो. दर शनिवारी शास्त्रातला एक धडा असतो आणि त्याच्या जोडीचे संदेष्ट्याचे एक वचन. अधिक महिना येतो त्या वर्षी या दिवसांतले दोन धडे दोन वेगळ्या शनिवारी वाचतात. तो नसला की आठवडे कमी पडतात, म्हणून दोन्ही धडे एकाच शनिवारी जोडून घेतात आणि संदेष्ट्याचे वचन दुसऱ्या धड्याचे वाचतात. माझ्या पोटात होते ते पहिल्याचे. इतके महिने मी त्या पोराला भलतेच शिकवत होतो! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"आजोबांनीच मला चुकीचं शिकवलं!" एफ्राईम ओरडला आणि त्याने मला कोपऱ्यात ढकलले.

"आजोबा नाही चुकले," डॉक्टर म्हणाले. "पंचांग बघायचं काम माझं होतं. मी बघितलं नाही."

काकांनी नवे वाचन मोबाईलवर पाठवले. दोन दिवस गेले तरी चार ओळींपुढे गाडी सरकेना. तिसऱ्या दिवशी एफ्राईम पुस्तक मिटून रडायला लागला.

"कावून रडतूस?" कडूबाईंनी विचारले. "शबुद नवे हायेत, पन चाल तर तीच हाय की."

एफ्राईमने डोळे पुसले. त्याने पुस्तक पुन्हा उघडले. हिब्रू अक्षरांच्या वर-खाली सुरांच्या बारीक खुणा असतात. आजवर त्याने पोपटपंची केली होती, खुणांकडे पाहिलेच नव्हते. त्याने मला जवळ ओढले आणि आजोबांचा एकेक सूर कोणत्या खुणेचा, ते शोधायला लागला. तीच खूण नव्या शब्दावर दिसली की तोच सूर लावायचा. माझा पट्टा दिवसभर थरथरत होता, पण मी टेप अडकू दिली नाही.

"देवावर भरवसा ठेवणारा पाण्याकाठच्या झाडासारखा असतो," त्याने नव्या वाचनाचा अर्थ सांगितला.

"मंग ते झाड आपल्या बीडचं न्हाई," कडूबाई म्हणाल्या आणि दोघेही हसले.

गुरुवारी सगळे पेणला गेले. मला कडूबाईंकडे ठेवले. शनिवार हा ज्यूंचा शब्बाथ. त्या दिवशी ते यंत्राचे बटण दाबत नाहीत, फोनही करत नाहीत. सूर्य मावळून तीन तारे दिसेपर्यंत काहीच कळणार नव्हते. तो कुठे अडकला असेल? सगळ्यांसमोर रडला तर नसेल? माझा दिवस सरता सरेना. संध्याकाळी कडूबाई दहादा अंगणात जाऊन आल्या.

"दोन दिसले. तिसरं कुटं मेलं?"

शेवटी फोन वाजला. "मावशी, दोनदा अडखळलो," एफ्राईम सांगत होता. "काकांनी थांबवून परत म्हणायला लावलं. पन सगळं वाचलं! लई घाबरलो होतो."

"आडखळू दे. पोचलास न्हवं?" कडूबाईंनी पदराने डोळे पुसले.

सोमवारी एफ्राईम मला न्यायला आला. घरी त्याने आजोबांची कॅसेट लावली आणि माझ्या लाल बटणावर बोट ठेवले. मी गारठलो. ते बटण दाबले की नवा आवाज भरतो आणि त्या जागेवरचा जुना पुसला जातो! पण तो थांबला. आजोबांचे वाचन शेवटच्या अक्षरापर्यंत संपू दिले, कोरी टेप आल्याची खात्री केली आणि मगच बटण दाबले.

मित्रांनो, घरातल्या जुन्या माणसांनी शिकवलेले जिवापाड जपा. पण ते कोणत्या वर्षासाठी शिकवले होते, तेही एकदा विचारा. मला आता पूर्वीइतकी भीती वाटत नाही, कारण माझ्या एकाच कॅसेटमध्ये दोन आवाज आहेत. आजोबा संपले की एक कोवळा आवाज खाकरतो आणि म्हणतो, "अधिक महिना असेल त्या वर्षी आजोबांचं ऐका. नसेल त्या वर्षी हे माझं. आनि माझ्या बाबांवर रागावू नका, पंचांग तुमी स्वतः बघा."