जामसरची धवलेरी

ये, बस असा. उंबऱ्यात नको टेकू, पाय पसरायला जागा लागंल. गोष्ट लांबडी हाय, पण पुरती सांगणार. अर्धी टाकून उठणारा मी नव्हं. गोष्ट चैतीची. जामसरच्या चैतीपुढं जव्हारच्या एका मोठ्या माणसाची पगडी उतरली. कुणी हिसकली नाय, त्यानं आपल्या हातानं काढली. कशी, ते ऐक.

जव्हारला राजाचं राज्य होतं तवाची गोष्ट. तिकडं विलायतेतली मोठी लढाई नुकती सरली होती. चैती असंल चाळिशीची. हाडानं रुंद, आवाजानं खणखणीत, वाटेला लागली की बाप्यांना मागं टाकायची. अन् ती होती धवलेरी.

धवलेरी म्हंजे आम्हा वारल्यांत लग्न लावते ती बाई. भट नाय, बुवा नाय, बाई. सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, अन् त्याच्यापुढं उभी राहून धवलेरी गाते. डोंगर, नदी, नागली, भात, मेलेली जुनी माणसं, देव, सगळ्यांना नाव घेऊन बोलावते. ती गायली म्हंजे लग्न लागलं. नाय गायली, तर मग जल्मभर एका चुलीवर रांधून खा, ते लग्न नव्हं. चैती हे आईकडनं शिकली, आई तिच्या मावशीकडनं. कागद कुठंच नाय, सगळं डोस्क्यात. नवरा ढवळू गुरं राखायचा, पण कुणी विचारलं कोण रं तू, तर नाव नाय सांगायचा. "धवलेरीचा नवरा हाय मी," म्हणायचा, छाती काढून.

त्या साली चैतीच्या भावाच्या, बाबल्याच्या पोरीचं लग्न ठरलं. पोरगी फागी. चैतीला पोटचं पोर नव्हतं, फागीला तिनंच खांद्यावर वाढवली. वीस वर्षं लोकांच्या पोरींची लग्नं लावली, आता आपल्या फागीचं लावायचं, म्हणून चैती हरखलेली. पोरगा रघ्या, चांगला कामाचा, पण जव्हारात एका साहेबाकडं घोड्याच्या कामाला होता. तिथंच माशी शिंकली.

साहेब म्हंजे केळशीकर रावसाहेब. कुठल्याशा कचेरीतनं पेन्शन घेऊन जव्हारच्या थंड हवेला येऊन राहिलेला. गोरा, घाटदार, डोईला लाल पगडी. काम एकच, सुधारणा. सभा भरवायची अन् बोलायचं. दारूबंदीवर बोलला की दुसऱ्या दिवशी त्याचा गडी आमच्या पाड्यावर रिकामी बाटली घेऊन यायचा. "औषधाला पाहिजे," म्हणायचा. असलं औषध की रावसाहेब कधी आजारीच पडला नाय.

तर रघ्यानं लग्नाला आठ दिवसांची रजा मागितली. रावसाहेब म्हणाला, "रजा देतो. पण लग्न रानटी पद्धतीनं नको. मी भटजी आणतो, चार मंत्र होतील, तुमची जात वर येईल. बाईनं लग्न लावायचं ही काय रीत झाली? ते ऐकणार नसशील तर परत कामावर येऊ नकोस."

रघ्या घाबरला. बाबल्याकडं आला, बाबल्या त्याच्याहून घाबरला. संध्याकाळी तो चैतीच्या अंगणात येऊन उभा राहिला, मान खाली.

"बय," तो म्हणाला, "ह्या लग्नात तू बाजूला बस."

"बाजूला म्हंजे?"

"भट लावणार लग्न. रघ्याची भाकर हाय त्याच्या हातात."

चैती सुपातली नागली पाखडत होती, ती पाखडत राहिली. मग म्हणाली, "फागी काय म्हणते?"

"रडते."

"मग तिला सांग, लग्नाच्या आधी रडायचं नसतं. डोळे सुजतात."

एवढंच. पण त्या रात्री ती जेवली नाय, ढवळूनं दोनदा हाक मारली तरी.

दोन दिवसांनी तिला जव्हारला जायचं होतं. कुतुबुद्दीन दुकानवाला आमच्याकडनं पळसाच्या पत्रावळी घ्यायचा. त्या दिवशी तो म्हणाला, "चैतीबाय, ह्या शंभर पत्रावळी थेट केळशीकरांच्या घरी टाक. त्यांच्याकडे सभा आहे, मागनं फराळ आहे. मी पण येतोच ऐकायला."

चैती गेली मागल्या दारानं. आत रावसाहेबाची बायको घामाघूम, मोठ्या परातीत पोहे कालवत होती.

"कसली गं सभा, काकू?" चैतीनं विचारलं.

"बायकांच्या उन्नतीची."

"मग तू हितं काय करतेस?"

काकूनं पदरानं कपाळ पुसलं. "पोहे कोण करणार मग? अन् काय बोलणार ते मला पाठ आहे. चार दिवस आरशापुढं उभे राहून म्हणतायत."

चैतीला हसू आलं. ती घराला वळसा घालून पुढं ओसरीशी आली अन् खांबाला टेकून उभी राहिली. आत पन्नास-साठ बाप्ये बसलेले, पागोटी, टोप्या, छड्या. बायकांची सभा अन् आत बाई एक नाय. मधोमध खुर्चीवर मुंबईचा पाव्हणा, चष्मेवाला. तो वर्तमानपत्र काढायचा म्हणे. अन् रावसाहेब उभा राहून बोलत होता. बोलणं झकास, नाय कशाला म्हणू! आवाज चढायचा, उतरायचा, डोळ्यांत पाणी पण आणलं गड्यानं.

"सभ्य गृहस्थहो! हजारो वर्षं आपण स्त्रीच्या मुखावर हात ठेवला! तिला मंत्राचा अधिकार नाकारला! पण मी आज या भरसभेत सांगतो. ज्या दिवशी या संस्थानात एखादी स्त्री लग्नमंडपात उभी राहून लग्न लावील, त्या दिवशी हा केळशीकर सर्वांच्या आधी तिथे जाईल, आपल्या डोक्यावरची ही पगडी काढील, अन् तिच्यापुढे मस्तक नमवील!"

टाळ्या पडल्या. काय टाळ्या!

आता इथं एक गोष्ट समजून घे. आमच्या पाड्यावर भाषण ही चीज नव्हती. पाच माणसं बसली अन् त्यांच्यात कुणी उभा राहून बोलला, तर तो शब्द झाला. मग फिरायचं नाय. फिरला तर बोकड कापून सगळ्या पाड्याला घालावा लागायचा. उभं राहून, चारचौघांत, नुसतं ऐकायला बरं वाटावं म्हणून कुणी बोलंल, हे चैतीच्या सात पिढ्यांना ठाऊक नव्हतं.

तिनं शेजारी उभ्या कुतुबुद्दीनला विचारलं, "भाई, हा पंचांसमोर बोलला ना?"

कुतुबुद्दीन मिशीत हसला. "पाच कसले चैतीबाय, साठ आहेत. मी एकसष्टावा."

झालं. चैती ओसरीवर चढली अन् सरळ आत.

"रावसाब," ती म्हणाली, "लई चांगला बोललास तू. लांब नाय जायचं तुला. येत्या बुधवारी ये."

सगळी डोकी तिच्याकडं वळली. आमच्यात अहोजाहो नसतं, देवाला पण तूच म्हणतो आम्ही, पण त्या पागोट्यांना ते नवीन होतं. रावसाहेबाचा चेहरा पगडीच्या रंगाचा झाला.

"कोण गं तू? कुठे यायचं?"

"जामसरला. मी चैती. मी लग्न लावते. आजपावेतो दोनशे लावली असतील. बुधवारी माझ्या भावाच्या पोरीचं हाय, तुझ्या रघ्याचंच. तू येणार, पगडी काढणार, म्हणालास ना आता?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. चष्मेवाला पाव्हणा मात्र खुर्चीतनं उठला. "काय सांगता बाई! तुमच्यात स्त्रिया लग्न लावतात? कधीपासून?"

"डोंगर हाय तवापासून," चैती म्हणाली.

"रावसाहेब, तुम्ही हे आम्हाला सांगितलंच नाही! मी बुधवारपर्यंत थांबतो. आपण दोघे जाऊ."

रावसाहेब खाकरला. "अहो, ते... बाई, तुला कळलं नाही. ते भाषण होतं."

"भाषण म्हंजे?"

"म्हणजे... बोलणं."

"मग बोललास ना!"

आता सगळी सभाच हसली. रावसाहेब पण हसला. काय करतो, पाव्हणा बघत होता.

पण माणूस तो मुरलेला. दुसऱ्याच दिवशी बाबल्याला बोलावून त्यानं सांगितलं, "भटजी माझ्याबरोबर येणारच. लग्न तोच लावील. तुझ्या बहिणीनं नंतर हवी ती गाणी म्हणावीत, पाव्हणे खूष होतील. पगडीची गोष्ट तिनं काढायची नाही. नाहीतर रघ्याला माझं दार बंद."

बाबल्यानं येऊन बहिणीला सांगितलं. पाया पडायचा राहिला. चैती म्हणाली, "दादा, भट आला तर त्याला पाणी देऊ, सावलीत बसवू. पण माझं गाणं ही लग्नामागची करमणूक नव्हं. रघ्याला विचार, त्याला घोडा पाहिजे का बायको. घोडा पाहिजे म्हणाला तर मी गप बसते."

रघ्याला विचारलं. पोरगा तासभर जमीन उकरत बसला. मग म्हणाला, "माझ्या आयशीचं लग्न चैतीमावशीच्या आयशीनं लावलं. माझं दुसऱ्यानं लावलं तर आय मला घरात घ्यायची नाय. घोडा ऱ्हाऊ दे."

तवा कुठं चैती पोटभर जेवली.

बुधवार उजाडला. भात झोडून झालेलं, अंगण सारवलेलं, ढोल तापत ठेवलेले. बैलगाडीतनं रावसाहेब उतरला, चष्मेवाला उतरला, अन् मागनं भटजी, हातात पोथी, काखेत आसन. कुतुबुद्दीन आपला पायी आला होता. म्हणाला, "मी साक्षीदार आहे, मला यायलाच पाहिजे."

भटजी गरीब माणूस होता, उगा नावं ठेवणार नाय. त्यानं पोथी उघडली अन् बाबल्याला विचारलं, "गोत्र?"

बाबल्यानं पुंजाकडं बघितलं. पुंजा म्हंजे पाड्याचा जुना पंच. पुंजा म्हणाला, "गोत्र तर आमच्याकडं नाय. कोंबडी हाय."

भटजी रावसाहेबाकडं बघतो, रावसाहेब भटजीकडं. दोघांची कुजबूज चालली, अन् तेवढ्यात आतनं चैतीचा आवाज उठला.

काय सांगू तुला! आधी बारीक, मग भरत भरत गेला. तिनं धरतीला हाक मारली. कणसरीला, म्हंजे आमच्या धान्याच्या देवीला, हाक मारली. ह्या डोंगराचं नाव घेतलं, त्या ओहळाचं घेतलं, बाबल्याच्या बापाचं, त्याच्या बापाचं, रघ्याच्या घरच्या मेलेल्या सात माणसांचं. फागी अन् रघ्या चौकापुढं बसले. अंगणातलं एक पोर हललं नाय. धवलेरी गात असताना मधी कुणी बोलत नाय, राजा आला तरी. भटजीनं पोथी मिटली, आसन अंथरलं अन् मांडी घालून ऐकत बसला. दोन घटका गेल्या, तीन गेल्या. भटजी हळूच कुतुबुद्दीनला म्हणाला, "एवढं पाठ? पोथी न बघता? माझं तर पानोपान अडतं हो."

अन् मग अक्षता टाकायची वेळ आली, तवा चैती थांबली. तिची रीत होती, आईकडनं आलेली. अक्षता टाकण्याआधी ती मांडवात विचारायची, "हितं कुणाचा शब्द अडकून ऱ्हायला हाय का? असंल तर आत्ता मोकळा करा. अडकलेल्या शब्दाखाली पोरांचं लग्न नको."

एकदा विचारलं. सगळ्या पाड्याचे डोळे लाल पगडीवर.

दुसऱ्यांदा विचारलं. चष्मेवाल्यानं वही काढली. रावसाहेब पुटपुटला, "नंतर, नंतर बघू..."

पुंजा मान हलवत म्हणाला, "रावसाब, शब्द मोडला तर आमच्यात बोकड द्यावा लागतो. तू तर खात पण नाय. तुझी मोठी पंचाईत हाय."

चैती हसली नाय. राग नाय, टोमणा नाय. हातात तांदूळ घेऊन उभी. फागीच्या कपाळावर घाम आलेला, रघ्यानं डोळे मिटलेले. तिसऱ्यांदा विचारलं, अन् ह्या वेळी सरळ त्याच्याकडं बघून.

रावसाहेब उठला. पगडी काढली. खाली पुरतं टक्कल, बारकी पोरं खिदळली, तर ढवळूनं त्यांना दरडावलं. रावसाहेब दोन पावलं पुढं आला अन् वाकला. अर्धाच वाकणार होता, पण चैतीनं तांदळाचा हात वर धरला तो खालीच आणला नाय, दाणे पडंनात, म्हणून त्याला पुरतं वाकावं लागलं. मग तिनं त्याच्या टकलावर चार दाणे टाकले, कुणाही लेकराच्या डोईवर टाकते तसे.

"सुखी ऱ्हा, बाबा," ती म्हणाली. "शब्द सुटला."

अन् फिरली अन् फागी-रघ्यावर अक्षता टाकल्या. ढोल वाजले ते दिवस मावळंपावेतो. भटजीला बाबल्यानं पाच शेर नवा तांदूळ दिला. तो नको म्हणत होता. "मी काही केलं नाही," म्हणाला. चैती म्हणाली, "ऐकलंस ना? ऐकणारा पण लागतो."

महिन्यानं चैती जव्हारला गेली तर कुतुबुद्दीन वर्तमानपत्र घेऊनच बसलेला. त्यानं वाचून दाखवलं: केळशीकर रावसाहेबांच्या अथक प्रयत्नांनी जव्हारच्या वन्य लोकांत स्त्रियांनी लग्न लावण्याची सुधारणा प्रथमच सुरू झाली, स्वतः रावसाहेबांनी पगडी काढून एका वन्य स्त्रीस उत्तेजन दिलं. चैतीचं नाव नाय, जामसरचं नाय. रघ्याला मात्र रावसाहेबाला कामावरनं काढता येईना, त्याच लग्नावरनं रावसाहेबाचं नाव छापून आलं होतं. अन् पुढल्या वैशाखात रावसाहेबाच्या पोरीचं लग्न झालं. लावलं कुणी? भटजीनं. काकू आत पोहे करत होती.

कुतुबुद्दीनला राग आला. "चैतीबाय, ही चोरी आहे. लिहू का मी त्यांना?"

चैतीनं पत्रावळींची मोळी खाली टाकली अन् खदखदून हसली. "लिहू दे रं त्याला. कागदानं लग्न लागत असतं तर मला कुणी बोलावलं असतं का? परवा मोखाड्याला दोन लग्नं हायत, फागी येते माझ्यासंगं. अर्धं गाणं उचललं तिनं."

फागीनं पुढं पुरतं उचललं. तिनं लावलेली लग्नं मोजायला बसलास तर तुझी बोटं सरतील.

तू वाचणारा माणूस, जुने कागद धुंडाळत फिरतोस. तर माझं एवढं एक काम कर. ते वर्तमानपत्र कुठं सापडलं तर फाडू नको, भांडू पण नको. नुसती शिसपेन्सिल घे, अन् त्या रावसाहेबाच्या नावाखाली बारक्या अक्षरात लिही: चैती, जामसर. लिहशील ना?