चित्राच्या मापाची खिडकी

लाल पेन्सिल आपोआप घरंगळायला लागली – आधी अगदी हळू, मग तपासायच्या मुद्रितांच्या गठ्ठ्यावरून उतरत थेट टेबलाच्या कडेपर्यंत – आणि पडता पडता तिने ती झेलली तेव्हा कुठे ध्यानात आलं की गठ्ठ्याखाली फोन थरथरतो आहे. सव्वातीन. म्हणजे बाबा. जेवण आणि डुलकी आटोपून ते याच सुमाराला संगणकापुढे बसत, आणि गेले तीन महिने, एक दिवसाआड तरी, त्यांची खिडकी बिघडलेली असे.

"परत बारीक झाली गं," बाबा म्हणाले. "काल चांगली ओढून मोठी केली होती. आज उघडली तर आगपेटीएवढी. आणि दुसरा व्हिडिओ लावला तर तो एवढा मोठा, की वरची पट्टी पडद्याच्या बाहेर. बंद करायची फुलीच दिसेना."

"बाण कोपऱ्यावर न्या, बाबा. दाबून धरा आणि ओढा."

"कोपरा सापडतो. तो हात लावू देत नाही." मग म्हणाले, "तू मास्तरीण व्हायला हवी होतीस. अख्खा वर्ग कोपऱ्यात उभा केला असतास."

ती हसली नाही. समोरच्या पानावर लेखकाने एकाच परिच्छेदात तीनदा 'खिन्न' लिहिलं होतं. त्यातल्या कोणत्या दोहोंपुढे प्रश्नचिन्ह घालावं याचा ती विचार करत होती. शब्द बदलायचा नाही, समासात फक्त विचारायचं – हा तिच्या कामाचा नियम.

"एक विचारायचं होतं तुला. आत त्या यादीत बरोबरची खूण आहे ना, ती–"

"तुम्ही आत काही दाबू नका. दाबता म्हणूनच तर होतं हे सगळं. उद्या बघते मी."

"बरं," बाबा म्हणाले. "कामात आहेस. ठेव."

तिने ठेवला. पेन्सिलीला टोक केलं. संध्याकाळपर्यंत चाळीस पानं झाली, परतताना तिने बल्ब घेतला, तो घरी आल्यावर बसेना – असा तो दिवस, लक्षात ठेवण्याजोगं ज्यात काही नव्हतं आणि जो आता मिनिटामिनिटाने तोंडपाठ आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. "तू आधी खाली बस," त्या म्हणाल्या. ती बसली. त्यांनी सांगितलं ते शब्द नीट ऐकू आले, त्यांचा क्रमही बरोबर होता, आणि तरीही तिच्या मनात आलं ते एवढंच, की मी उद्या बघते म्हणाले होते आणि हाच तो उद्या… रडू नाही, काही नाही. पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि तिथे ती नसावी, तसं काहीतरी आतल्या आत निसटलं, आणि तीन आठवडे झाले तरी ते पाऊल टेकायचं आहे.

आणि आज दुपारी ती बाबांच्या खुर्चीत, त्यांच्या संगणकापुढे बसली आहे. पलीकडच्या खोलीत धाकटा भाऊ खोकी भरतो आहे.

"ताई, झालं का? त्यातलं हवं ते काढून घे आणि बंद कर. भंगारवालासुद्धा आधी नमस्कार करेल त्या डब्याला."

"हो," ती म्हणाली.

तिला हवे होते ते आईचे एकवीस सेकंद. दोन वर्षांपूर्वी आई गेली, त्याच्याही बऱ्याच आधी जुन्या फोनवर घेतलेले – आई चष्मा शोधते आहे आणि चष्मा डोक्यावर आहे. तिने तो व्हिडिओ उघडला. खिडकी आली ती आगपेटीएवढी, पडद्याच्या मधोमध. हात सवयीने कोपऱ्याकडे गेला… आणि कळफलक सरकला, तेव्हा त्याखाली पोलादी फूटपट्टी दिसली आणि एक वही.

बाबांनी चाळीस वर्षं तसबिरींच्या चौकटी केल्या होत्या. त्यांचं अक्षर कानसून गुळगुळीत केल्यासारखं. वहीत तारखा होत्या आणि मापं – पडद्याला फूटपट्टी लावून घेतलेली, इंचांत, सुताच्या म्हणजे इंचाच्या आठव्या भागाच्या हिशेबाने.

'हिचा चष्मा – साडेतीन बाय अडीच. ओढून नऊ केली. पुन्हा उघडता साडेतीन.' आईला ते जन्मभर 'ही' म्हणत. कागदावरही ती हीच राहिली. 'दुकान – अकरा बाय सव्वासहा. नातीचं पोहणं – पडद्याबाहेर, माप घेता येईना.' पुढच्या पानावर तेच व्हिडिओ, तीच मापं. तिसऱ्या पानावरही. मग अधोरेखित: 'बिघाड नाही. खिडकी चित्राचं माप घेते आहे. चौकट चित्रावरूनच करायची असते. बरोबर आहे.'

ती हसली असावी. घशातून आवाज तरी निघाला. तारीख पाहिली – शेवटच्या फोनच्या नऊ दिवस आधीची. म्हणजे त्यांना कळलं होतं. मग तरी ते का… तिने पान उलटलं.

'आत यादीत सापडलं. खिडकी चित्राच्या मापाची ठेवा, असं आहे आणि पुढे बरोबरची खूण. मी केलेली नाही. तिने केली असणार, मागच्या वेळी आली तेव्हा. काढली तर खिडकी ओढू तेवढीच राहील बहुधा. पण तिने काही विचार करूनच केली असेल. तिला विचारल्याशिवाय काढू नये.'

खाली तीन तारखा, प्रत्येकीपुढे दोनच शब्द: 'विचारायचं राहिलं.' शेवटची तारीख त्याच दिवसाची – बल्बाच्या.

मागच्या वेळी… तिला आठवलं, गाडीची वेळ झाली होती, व्हिडिओतले चेहरे चपटे दिसताहेत म्हणाले होते ते, आणि मी उभ्या उभ्या, खांद्याला पिशवी लावून, त्या यादीतल्या दोन-तीन खुणा न वाचताच दाबल्या होत्या. चेहरे सरळ झाले. मी निघाले. आठवड्याने खिडकीचा फोन आला तेव्हा ते घाबरत म्हणाले होते, माझ्या हातून काही बिघडलं का गं, आणि मी म्हणाले, तुम्हीच दाबलं असणार काहीतरी.

दुकानात कुणी जुनी चौकट आणली की बाबा आधी ती उलटी करून बघत. दुसऱ्या कारागिराने ठोकलेला खिळा ते विचारल्याशिवाय उपटत नसत. उगाच कोण ठोकतं, म्हणत. समासातलं प्रश्नचिन्ह तिला तिथूनच मिळालं होतं. अनोळखी लेखकांना ती ते रोज, न कंटाळता, लाल पेन्सिलीने देत होती.

तिने यादी उघडली. खूण तिथेच होती, इवलीशी, ठाम. बाण तिच्यावर नेला. एक टिचकी. एवढंच काम होतं. बोट वर राहिलं. आगपेटीएवढ्या खिडकीत एकवीस सेकंद संपले, पुन्हा सुरू झाले. आई डोक्यावरचा चष्मा सोडून सगळीकडे शोधत होती.

"बाबा," ती म्हणाली – फोनवर लावायची तोच आवाज, किंचित मोठा. पलीकडे खोक्यांची खडखड थांबली. "ती खूण मी विचार करून केली नव्हती. घाईत झाली. तुम्ही काही दाबलं नव्हतं, एकदाही नाही. माझी चूक होती. काढा तुम्ही."

आणि बाबांचं 'बरं' येईल एवढा वेळ ती थांबून राहिली.